मुक्कामाचं गाव

पुण्यात कुणी "तू मूळचा कुठला?" असं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं होतं, "अकोल्याचा." ते खोटं नाही, जिल्हा अकोलाच आहे. पण अकोल्याहून वाशीमकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर, घाट सुरू होण्याच्या जरा आधी पातूर लागतं, आणि मी वाढलो तो पातुरात. पातूर म्हटलं की समोरचा विचारतो, "म्हणजे कुठे?" आणि समजावताना शेवटी अकोल्यापाशीच यावं लागतं. म्हणून मधला टप्पा गाळायची सवय लागली. शिवाय घरात कायम ऐकलेलं, की पातूर हे काही आपलं मूळ गाव नाही. मूळ गाव घाटावर, मालेगावकडे. आबा, म्हणजे माझे आजोबा, १९७२च्या दुष्काळात खाली उतरले आणि इथेच राहिले. त्यामुळे पातूरचा अभिमान बाळगायचा की नाही, हा प्रश्नच कधी आला नाही.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने एका प्रकल्पासाठी मला चार महिने इंग्लंडला पाठवलं. राहायला रेडिंगमध्ये होतो. तिथला एक ज्येष्ठ सहकारी एका रविवारी मला त्याच्या गावी घेऊन गेला. गाव म्हणजे एक चर्च, एक पब, एक दुकान आणि पन्नास-साठ घरं. आपल्याकडे याला वाडी म्हणतील. पण त्याने मला दोन तास पायी फिरवलं. हे घर पूर्वी लोहाराचं होतं, या पुलावरून मेंढ्यांचे कळप बाजाराला जायचे, चर्चचा हा भाग जुना आणि तो मागाहून बांधलेला. चर्चच्या दारापाशी एका फळीवर गावाच्या इतिहासाची छोटी पुस्तिका ठेवलेली होती. पेटीत एक पौंड टाकायचा आणि उचलायची. लिहिणारी गावातलीच एक निवृत्त शिक्षिका. विल्यम राजाने १०८६ साली करासाठी इंग्लंडची जी मोजदाद करून घेतली, त्या डूम्सडे बुकात गावाचं नाव कसं आलंय इथपासून ते पहिल्या महायुद्धातून गावची कोणती पोरं परत आली नाहीत इथपर्यंत सगळं त्यात होतं.

परत येताना गाडीत त्याने सहज विचारलं, "आणि तुझं गाव कसं आहे?"

मी म्हणालो, "लहान आहे. शेती आहे. फार जुनं नाही."

यातलं तिसरं वाक्य मी काहीही माहीत नसताना ठोकून दिलं होतं. त्या रात्री खोलीवर आल्यावर ते मला टोचायला लागलं. पुस्तिका टेबलावर होती. परक्या देशातल्या एका वाडीत घंटा कोणी बसवली हे मला आता ठाऊक होतं, आणि ज्या गावात मी दहावीपर्यंत शिकलो त्याबद्दल मला चार वाक्यं बोलता येत नव्हती.

त्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाबांना म्हटलं, जरा गाव पाहायचंय. बाबा हसले. "पातुरात काय हाये पाह्याले? तू लहानाचा मोठा इथीच झाला ना लेका?" आबा बाजेवर बसले होते. ते म्हणाले, "त्याले लेणे दाखव पहिले."

पायरीचं गाव

गावाचा इतिहास समजून घ्यायचा तर आधी ते जिथे आहे तिथे का आहे, हे पाहावं लागतं. पातूरच्या बाबतीत हे उत्तर फारच सरळ आहे. जुन्या काळी वऱ्हाडचे दोन भाग मानत, पयनघाट आणि बालाघाट. पयनघाट म्हणजे घाटाखालचा मुलूख, पूर्णा नदीचं काळ्या मातीचं सपाट खोरं. अकोला, बाळापूर, अकोट, शेगाव हे सगळं त्यात. बालाघाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचं पठार, त्यात वाशीम आणि मेहकर. अकोला समुद्रसपाटीपासून साधारण २८० मीटरवर आहे आणि वाशीम साडेपाचशेच्या आसपास. या दोन उंच्यांच्या मधे जी पायरी आहे, तिच्या तळाशी पातूर आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. पूर्णेच्या खोऱ्याच्या मधल्या मोठ्या भागाला खारपाणपट्टा म्हणतात. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते खारट. ना धड पिता येतं, ना पिकाला देता येतं. अकोला, बुलडाणा आणि अमरावती या तीन जिल्ह्यांतली शेकडो गावं पिढ्यान् पिढ्या याच्याशी झगडत आली आहेत. दक्षिणेला डोंगराकडे सरकलं की हा पट्टा संपतो. पातूर त्याच्या बाहेर आहे. डोंगरात मुरलेलं पाणी इथल्या विहिरींना येतं आणि ते गोड आहे.

आता डांबरी रस्त्याआधीचा काळ डोळ्यांपुढे आणा. उत्तरेकडून एक बैलगाडी येते आहे. काळ्या जमिनीतून, पाऊस असेल तर आसापर्यंत रुतत. समोर घाट उभा आहे. घाट एका दमात चढायचा तर बैल ताजे हवेत, म्हणजे आदली रात्र कुठेतरी काढायला हवी. जिथे काढायची तिथे गोडं पाणी हवं, चारा हवा, लोहार हवा, चार माणसांची सोबत हवी. उलट्या बाजूने उतरणाऱ्यालाही तेच. घाटाने बैल थकलेले, पुढे सपाटी, पण पाण्याचा भरवसा नाही.

म्हणजे पातूर हे कुणी राजाने वसवलेलं नाही. ते घाटाने आणि पाण्याने वसवलं. हे मला आबांनी एका वाक्यात सांगितलं होतं, फक्त त्यांच्या काळातल्या भाषेत : "गाडी घाटात घालाची म्हंजे डायवर पहिले पानी पाहे. इंजिनातबी अन् पोटातबी."

लेणी

गावाजवळच्या टेकडीत लेणी आहेत हे मला माहीत होतं, पण लेणी म्हणून नाही. लहानपणी ती आमची लपाछपीची जागा होती. यावेळी पहिल्यांदा नीट पाहिली. अजिंठा डोक्यात ठेवून कुणी इथे आलं तर त्याची निराशा होईल. चित्रं नाहीत, मोठमोठ्या मूर्ती नाहीत. खडक तासून केलेले ओवरीचे खांब, आत साध्या खोल्या, आणि भर दुपारीही अंगाला लागणारा गारवा. जुन्या गॅझेटियरांनी त्यांचं वर्णन 'विहार', म्हणजे भिक्षूंच्या राहण्याची जागा, असं केलं आहे. आज हे केंद्र सरकारने संरक्षित केलेलं स्मारक आहे.

इतकी साधी लेणी महत्त्वाची का? दख्खनच्या नकाशावर लेण्यांच्या जागा टिंबांनी दाखवल्या तर एक गोष्ट चटकन दिसते. कार्ले-भाजे बोरघाटाच्या माथ्याजवळ आहेत. नाणेघाटात सातवाहनांची गुहा आणि नागणिका राणीचा लेख आहे. पितळखोरं आणि अजिंठा खानदेशातून दख्खनच्या पठारावर चढणाऱ्या वाटांजवळ आहेत. खडक तर सगळीकडेच होता. पण भिक्षूला भिक्षा लागते, ती देणारा लागतो, आणि देणाऱ्यांत व्यापाऱ्यांचा वाटा मोठा असे. व्यापारी भेटतो वाटेवर, आणि वाटेवर निवांत भेटतो तो घाटाच्या आधी किंवा नंतर. पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्याचा भिक्षूंचा नियम होता. त्यांनाही मुक्कामच हवा होता.

मग प्रश्न येतो, पातूरवरून जाणारी वाट कुठे जात होती? वर चढलं की पुढे वाशीम आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या दोन शाखा होत्या, एक नागपूरजवळ नंदिवर्धनला आणि दुसरी वत्सगुल्मला. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच सापडला आणि या शाखेचा इतिहास उजेडात आला. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं, तसा लेखच तिथे आहे. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं तेही विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. एसटीने आम्ही ज्या वाशीमला मामाच्या घरी जायचो, ते हे. कंडक्टर घंटी मारून "वाशीम, वाशीम" ओरडायचा तेव्हा काव्यपुरुषाचं सासर आलंय असं काही वाटायचं नाही.

वाकाटकांच्या राजधानीतून उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात उतरणाऱ्याला पातूर ही अगदी सोयीची जागा. लेण्यांच्या ओवरीत बसून समोर पाहिलं की हे पुस्तकाशिवाय कळतं.

पातूर शेख बाबू

जुन्या कागदांत आणि इंग्रजी गॅझेटियरांत गावाचं नाव नुसतं पातूर नाही. 'पातूर शेख बाबू' असं आहे. याला एक व्यवहारी कारणही आहे. याच जिल्ह्यात पातूर नंदापूर नावाचं दुसरं गाव आहे, आणि बुलडाणा जिल्ह्यात पातुर्डा. नावांची गल्लत होऊ नये म्हणून गावं काहीतरी जोडनाव घेतात. पण कुठलं जोडनाव घ्यायचं यात गावाची स्वतःबद्दलची समजूत दिसते. पातूरने घेतलेलं नाव एका बाहेरून आलेल्या माणसाचं आहे.

शेख अब्दुल अझीझ उर्फ शेख बाबू हे सूफी संत. परंपरा सांगते, ते दिल्लीहून आले आणि इथेच राहिले. त्यांचा दर्गा गावात आहे. उरूस भरतो, तेव्हा आसपासच्या खेड्यांतून सगळ्या जातिधर्मांचे लोक येतात. माझ्या आजीने बाबा लहानपणी आजारी पडले तेव्हा इथे नवस बोलला होता आणि तो फेडायला बाबांना खांद्यावर घेऊन गेली होती. तीच आजी नवरात्रात न चुकता रेणुकामातेच्या टेकडीच्या पायऱ्या चढायची आणि सिदाजी महाराजांच्या यात्रेलाही जायची. यात तिला काही विशेष वाटत नसे. ज्याच्या त्याच्याकडे ज्याचं त्याचं काम.

या दर्ग्याशी एक नाव जोडलेलं सापडलं तेव्हा मी लॅपटॉपवर वाचता वाचता थांबलो. गॅझेटियर म्हणतं, दर्ग्याच्या बांधकामात अब्दुर्रहीम खानखानान याने भर घातली. खानखानान म्हणजे बैरामखानाचा मुलगा, अकबराच्या दरबारातला सरदार. 'बाबरनामा' तुर्कीतून फारसीत आणला तो यानेच. आणि शाळेत हिंदीच्या पुस्तकात ज्या रहीमचे दोहे आपण पाठ केले, तो रहीमही हाच. सातवीत मी त्याचे पाच दोहे पाठ केले आणि एकावर छडी खाल्ली. त्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर त्या कवीने हात लावलेली वास्तू आहे, हे वर्गात कुणी सांगितलं असतं तर निदान तो एक दोहा तरी चुकला नसता.

तो इथे आला कसा? १५९६ साली चांदबिबीने अहमदनगर वाचवण्यासाठी मोगलांशी तह केला आणि वऱ्हाड त्यांना तोडून दिलं. अकबराचा मुलगा शहजादा मुराद याने बाळापूरजवळ शाहपूर नावाचं ठाणं वसवलं. १५९९ मध्ये तो दख्खनमध्येच वारला. पुढची कितीतरी वर्षं खानखानान बऱ्हाणपूरला तळ ठोकून दख्खनचा कारभार आणि मलिक अंबराशी लढाया असं दोन्ही सांभाळत होता. बऱ्हाणपूरहून वऱ्हाडात उतरलं की बाळापूर. बाळापूरहून वाडेगावमार्गे पुढे आलं की पातूर, आणि त्यापुढे घाट. फौजा, खजिना, हरकारे ज्या वाटांनी जायचे त्यातली ही एक. सरदार जिथे थांबतात तिथे देवळांना, दर्ग्यांना देणग्या मिळतात. लेण्यांच्या काळात व्यापारी जे करत होता तेच, हजारेक वर्षांनी, एका कवी-सरदाराने केलं. धर्म बदलला, भाषा बदलली, मुक्कामाची जागा तीच राहिली.

रूळ बाजूने गेले

१८५३ मध्ये निजामाने कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १९०२ मध्ये ते कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे गेलं. मधल्या काळात वऱ्हाडचं रूप पार पालटलं ते कापसाने. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. रूळ टाकले ते अर्थातच सपाटीवरून. अकोल्याला स्टेशन झालं, जिनिंग-प्रेसिंग आले, बाजार वाढला. बाळापूर, जिथे १७२० मध्ये निजामाने औरंगाबादच्या बाजूने आलेल्या आलमअलीखानाचा पराभव करून दख्खनचं भवितव्य फिरवलं, ते रूळांपासून दूर राहिलं आणि मागे पडलं.

पातूरला मात्र या पहिल्या धक्क्यातून एक काम मिळालं. घाटावरचा कापूस अकोल्याच्या स्टेशनावर पोचवायचा तर गाड्या घाट उतरून पातूरवरूनच येत. म्हणजे पूर्वीचा मुक्काम चालू राहिला, फक्त पुढचा पल्ला बदलला.

दुसरा धक्का उशिरा आला. स्वातंत्र्यानंतर उत्तर आणि दक्षिण भारतातल्या मीटरगेज लोहमार्गांना जोडण्यासाठी खांडवा ते हिंगोली असा मार्ग बांधला गेला. तो अकोल्याहून वाशीमला गेला, पण पातूरवरून नाही. बार्शीटाकळीच्या बाजूने गेला. आगगाडीला बैलगाडीसारखा उभा चढ चालत नाही, तिला सावकाश चढणारी वाट लागते. अभियंत्यांनी ती शोधली आणि ती आमच्या गावाला सोडून होती. आता यातला अकोला-वाशीम भाग ब्रॉडगेज झाला आहे आणि हैदराबादकडच्या गाड्या त्यावरून जातात. पातूरच्या माणसाला आगगाडी पकडायची तर आजही अकोल्याला जावं लागतं.

तरी गाव टिकलं, कारण रस्ता टिकला. ट्रक आले, एसटी आली. आणि १९७२ साली आबा आले.

त्या वर्षीच्या दुष्काळात राज्यभर रोजगाराची कामं काढली होती. आबा तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचे, म्हणजे आत्ता मी आहे जवळपास त्या वयाचे. घाटावरची दोन एकर कोरडवाहू जमीन करपलेली. आबा आणि आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला आले. काम संपल्यावर परत जायचंच होतं. पण मजुरांना चहा पाजणाऱ्या एका गाडीवाल्याला हाताखाली माणूस हवा होता. "दोन मईने राहू म्हनलं," आबा सांगतात, "पाऊस पडला का जाऊ." पाऊस पुढच्या वर्षी पडला. तोपर्यंत गाडी आबांची झाली होती. पाच-सहा वर्षांनी रस्त्याकडेला टिनाचं हॉटेल झालं. चहा, भजे, आलूबोंडा, आणि दारात पाण्याचे दोन रांजण.

पंचेचाळीस वर्षं त्या हॉटेलावर आमचं घर चाललं. बाबांचं शिक्षण, आत्याचं लग्न, माझी इंजिनिअरिंगची फी. रात्री दोनला हैदराबादकडून येणारे ट्रक थांबायचे. ड्रायव्हर खाली उतरून आधी ब्रेक गार होऊ द्यायचे, मग चहा मागायचे. मी अभ्यासाला जागा असलो की बाबा मला गल्ल्यावर बसवायचे. तेलुगूत दहापर्यंत आकडे मी तिथेच शिकलो.

तिसरा धक्का

अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेडमार्गे तेलंगणात संगारेड्डीपर्यंत जाणारा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६१ आहे. तो चौपदरी झाला. उत्तम झाला, हे आधी सांगायला हवं. पूर्वी आजारी माणूस पातूरहून अकोल्याच्या दवाखान्यात नेताना खड्ड्यांनीच अर्धमेला व्हायचा. आता अर्ध्या तासात पोचतो. पण हा नवा रस्ता गावात शिरत नाही. जाणारा ट्रक गावाला बाजूला ठेवून सरळ घाटाला लागतो. नव्या इंजिनांना घाटाआधी दम घ्यावा लागत नाही. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या शेजारीच असते.

हॉटेलचा गल्ला पहिल्या सहा महिन्यांत निम्म्यावर आला आणि मग आणखी खाली गेला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पुण्यात मी ज्या संघात काम करतो तो मालवाहतुकीचे मार्ग आखणारी प्रणाली बनवतो. ट्रक कुठून निघाला, कुठे माल उतरवायचा, कोणता रस्ता घ्यायचा, हे संगणक काढून देतो. त्या हिशेबात थांबा म्हणजे खर्च. दर थांब्याला आम्ही मिनिटांत किंमत लावतो आणि एकूण बेरीज कमी करत जातो. गेल्या वर्षी आम्ही एक सुधारणा केली आणि अनावश्यक थांबे बरेच कमी झाले. त्याबद्दल संघाला शाबासकी मिळाली, केक कापला. त्या आठवड्यात बाबांचा फोन आला, की रात्रीचं हॉटेल बंद करतोय, दिवे जाळण्यापुरतंही होत नाही.

माझ्या त्या प्रणालीमुळे आमचं हॉटेल बंद पडलं असं म्हणणं नाटकी होईल. रस्ता माझ्या आधी झाला, आणि मी नसतो तर दुसऱ्या कुणी ते लिहिलं असतं. ट्रकवाल्याचे तीन तास वाचले तर तो तीन तास लवकर घरी जातो, हेही खरंच आहे. पण हा लेख लिहिताना मला दिसलं ते असं, की माझ्या गावातली प्रत्येक जुनी गोष्ट मी ज्याला 'अनावश्यक थांबा' म्हणून खोडतो त्यातून जन्मली आहे. लेणी थांब्याची. दर्गा थांब्याचा. बाजार थांब्याचा. माझं घरसुद्धा.

आणि 'मूळ गाव' या शब्दाचंही मला नव्याने काहीतरी कळलं. इंग्लंडमधल्या त्या पुस्तिकेत अभिमानाने लिहिलं होतं, की अमुक घराणं तीनशे वर्षं याच गावात आहे. तिथला इतिहास ठाण मांडून बसलेल्यांचा होता. पातूरचा तसा नाही. लेणी कोरणारे भिक्षू आणि त्यांना पैसे देणारे व्यापारी वाटेचे. शेख बाबू परंपरेने दिल्लीचे. खानखानान जन्माने लाहोरचा. गावाने त्यांच्यापैकी एकाचं नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतलं आणि शतकानुशतकं वागवलं. मग घाटावरून दुष्काळात उतरलेला एक खडी फोडणारा माणूस इथला नाही, असं म्हणणारे आम्ही कोण? तो तर पातूरकर होण्याच्या सगळ्यात जुन्या रीतीने पातूरकर झाला.

वाचून दाखवलं तेव्हा

हा लेख इथपर्यंत लिहून झाल्यावर मी गेल्या महिन्यात घरी गेलो आणि आबांना वाचून दाखवला. काव्यपुरुषाच्या लग्नाला ते हसले. खानखानानच्या जागी मान डोलावली. हॉटेलचा भाग तेव्हा यात नव्हता. रेल्वेपाशी लेख संपवला होता. इतिहासाच्या लेखात आपलं घरचं कशाला, असं वाटलं होतं.

आबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अन् आपलं हाटेल?"

मी म्हटलं, "आबा, ते कसं लिहू? तो इतिहास नाही."

"काहून नाई? पंचेचाळीस वरसं म्हंजे काय कमी झाले काय?" मग बाबांकडे पाहून म्हणाले, "अन् लिहित असशीन त हेबी लिहजो, का रांजनात पानी कधी कमी पडू देल्लं नाई. पैसे नसलेल्यालेबी पानी देल्लं."

म्हणून लिहिलं.

तर, अकोल्याहून वाशीमला जाणार असाल तर पातूरपाशी चौपदरी रस्ता सोडा आणि जुन्या रस्त्याने गावात या. दोन तास पुरे होतात. लेणी सकाळी पाहा, उन्हं तिरपी असताना खांब चांगले दिसतात. मग दर्गा. पायात बळ असेल तर रेणुकामातेची टेकडी चढा. वरून एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला पयनघाटाची सपाटी दिसते, आणि गाव इथेच का हे कुणी सांगावं लागत नाही.

खाली उतरल्यावर जुन्या रस्त्याच्या कडेला एक टिनाचं हॉटेल दिसेल. बाबांनी ते एका कृषी केंद्राला भाड्याने द्यायचं ठरवलं आहे, गुढीपाडव्यापासून. तोवर सकाळी सहा ते अकरा चालू असतं. आलूबोंडा गरम मिळतो. दारात रांजण आहेत आणि त्यांच्या शेजारी खुर्चीवर जे म्हातारे गृहस्थ बसलेले असतात, त्यांना "कुठीसा चालले?" असं विचारायची सवय आहे. घाई नसेल तर त्यांना नीट उत्तर द्या.